राष्ट्रीय बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा : एका संस्थेचा इतिहास

जिला स्वतःची इमारत नाही, जिच्या नावाची कोनशिला कोठे बसलेली नाही, जी यंदा एका प्रांतात भरली तर पुढील साली दुसऱ्याच प्रांतात भरेल, आणि तरीही जिने गेली सत्तर वर्षे या देशातील प्रत्येक होतकरू बुद्धिबळपटूच्या मनात एक निश्चित ध्येय उभे केले, ती राष्ट्रीय बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा ही माझ्या मते आपल्या देशातील अत्यंत महत्त्वाच्या क्रीडासंस्थांपैकी एक होय. देवळ्याहून निघणाऱ्या या स्मरणिकेत तिचा इतिहास यावा, ही संपादक मंडळाची इच्छा मला समयोचित वाटली. कारण या स्पर्धेची अखेरची पायरी दिल्ली-मुंबईकडील एखाद्या सभागृहात असली, तरी तिची पहिली पायरी जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत असते, आणि त्या पायरीवर पाऊल ठेवण्याचा अधिकार कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे मुलुखातील शाळकरी पोरालाही तितकाच आहे, जितका तो मुंबईतील एखाद्या संपन्न घरातील मुलाला आहे. हा अधिकार कागदोपत्री आरंभापासून होता; तो प्रत्यक्षात उतरण्यासाठी मात्र बरीच वर्षे आणि काही धैर्यवान माणसे लागली, आणि त्या माणसांत मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे.

बुद्धिबळ हा खेळ आपल्याकडे प्राचीन आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. उत्तर पेशवाईच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी बुद्धिबळावर रचलेल्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले होते. परंतु देशी पद्धतीचा हा खेळ आणि आज जगभर मान्य असलेला खेळ यांत महत्त्वाचे भेद होते. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह लागण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्याची चाल करण्याची मुभा असे. आणि शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे वाटेल ते मोहरे होत नसे, ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोहोचले त्याचेच रूप त्याला मिळे. प्रांतागणिक यांतही फरक होते. परिणाम असा की, मातब्बर खेळाडू खेड्याखेड्यांत होते, पण दोन प्रांतांचे खेळाडू समोरासमोर बसले म्हणजे प्रथम नियमांचाच तंटा सोडवावा लागे. ज्या खेळाचे नियम देशभर एक नाहीत, त्याचा राष्ट्रीय विजेता ठरणार तरी कसा?

या प्रश्नाचे पहिले दिपवणारे उत्तर १९२८ साली दिल्लीत मिळाले. तेथे झालेल्या अखिल भारतीय स्पर्धेत पंजाबातील मीर सुलतान खान या तरुणाने नऊ डावांत साडेआठ गुण मिळवून विजय संपादन केला. सर उमर हयात खान या जमीनदाराच्या आश्रयाला असलेला हा खेळाडू त्यांच्याबरोबर विलायतेस गेला, आणि पाश्चात्त्य नियम नव्याने आत्मसात करून १९२९, १९३२ व १९३३ असे तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद त्याने जिंकले. स्वदेशी परतल्यावर १९३५ मध्ये त्याने व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला. त्यात खाडिलकरांना एकच डाव बरोबरीत सोडवता आला. प्रतिभा अलौकिक असली तरी तिच्यामागे संस्था नसेल, तर ती आश्रयदात्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. सुलतान खानाच्या बाबतीत नेमके तेच घडले आणि पुढे त्याचे नाव स्पर्धांच्या दप्तरांतून दिसेनासे झाले. जागतिक महासंघाने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ सहा दशकांनी.

स्वातंत्र्यानंतर ही उणीव भरून काढण्याची तजवीज झाली. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ साली झाली, आणि चार वर्षांनी, मे १९५५ मध्ये, आंध्रातील एलुरू या गावी पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. तिचे विजेतेपद दोघांत विभागले गेले : महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या. राष्ट्रीय विजेत्यांच्या यादीतील अगदी पहिल्या ओळीत एक मराठी नाव आहे, याचा अभिमान आपल्याला अवश्य वाटावा. परंतु त्या स्पर्धेचे खरे महत्त्व असे की, देशभरच्या खेळाडूंना प्रथमच एका पटावर, एका नियमावलीने, एका गुणतक्त्यात मोजण्याची प्रथा तिने पाडली. लगोलग १९५६ मध्ये मॉस्को येथील ऑलिंपियाडमध्ये भारताचा संघही उतरला. आरंभीची काही वर्षे राष्ट्रीय स्पर्धा वर्षाआड भरे. प्रवासखर्च बहुधा खेळाडूच्या पदरचा, राहण्याची व्यवस्था यजमान मंडळाच्या ऐपतीप्रमाणे, आणि पारितोषिक नाममात्र असे.

या पहिल्या कालखंडाचे अध्वर्यू मॅन्युएल ॲरन. ब्रह्मदेशात १९३५ साली जन्मलेल्या आणि मद्रासकडे वाढलेल्या या खेळाडूने १९५९ ते १९८१ या अवधीत नऊ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९६१ मध्ये ते भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले, आणि बुद्धिबळासाठी पहिला अर्जुन पुरस्कारही त्यांनाच लाभला. १९६० च्या लाइपझिग ऑलिंपियाडमध्ये त्यांनी माजी जगज्जेते मॅक्स युवे यांना पराभूत केले, आणि १९६२ च्या स्टॉकहोम स्पर्धेत पोर्तिश व उलमान या मातब्बरांवर मात केली. परंतु त्यांचे याहूनही मोठे कार्य हे की, देशी पद्धतीत रमलेल्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय नियमांची आणि छापील बुद्धिबळ-साहित्याच्या अभ्यासाची सवय त्यांनी लावली. आज मद्रासचे, म्हणजे चेन्नईचे, नाव जगाच्या बुद्धिबळात ज्या आदराने घेतले जाते, त्याचा पाया त्या काळात घातला गेला.

महाराष्ट्रात हेच कार्य एका व्यक्तीऐवजी मंडळांनी केले, आणि त्यांत सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचा उल्लेख प्रथम करावा लागेल. स्वातंत्र्यापूर्वीच स्थापन झालेल्या या मंडळासाठी भाऊसाहेब पडसलगीकर यांनी आपले आयुष्य वेचले. उन्हाळ्याच्या सुटीत तेथे भरणारा बुद्धिबळ महोत्सव हा अनेक पिढ्यांच्या खेळाडूंचा पहिला आखाडा ठरला. राज्याची राजधानी नाही, विद्यापीठाचे पीठ नाही, अशा एका जिल्ह्याच्या गावाने केवळ सातत्याच्या बळावर राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू घडवावेत, ही गोष्ट देवळ्यासारख्या गावातील कार्यकर्त्यांनी वारंवार आठवावी अशी आहे. पुढे राष्ट्रीय महिला अजिंक्यपद पाच वेळा जिंकणाऱ्या भाग्यश्री साठे सांगलीच्याच. राष्ट्रीय महिला विजेती स्वाती घाटे हीही तेथलीच.

आता या इतिहासातील ज्या प्रकरणाशी मला सर्वाधिक काळ रेंगाळावेसे वाटते, त्याकडे वळतो.

स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती १९७४ साली, बंगळूर येथे. म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेनंतर तब्बल एकोणीस वर्षांनी. तिची पहिली विजेती वासंती खाडिलकर. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी सख्ख्या बहिणी, 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या कन्या. नाटककार आणि 'नवाकाळ'चे संस्थापक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या घराण्यातील. गिरगावातल्या त्या घरात अग्रलेख आणि बुद्धिबळाचा पट यांचा सहवास नित्याचा असावा, असे सहज मनात येते. या तिघी बहिणींनी महिला स्पर्धेची पहिली दहाही अजिंक्यपदे आपसांत वाटून घेतली : वासंतीने एक, जयश्रीने चार आणि रोहिणीने पाच. एका घरातील तीन मुलींनी एका राष्ट्रीय स्पर्धेचे संपूर्ण पहिले दशक व्यापावे, असा दाखला दुसऱ्या कोणत्याही खेळात मला आठवत नाही. जयश्री खाडिलकर १९७९ मध्ये भारताच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या.

परंतु विजेतेपदांच्या मोजदादीहून मोठी गोष्ट घडली ती १९७६ साली. रोहिणी त्या वेळी अवघ्या तेरा वर्षांची होती; महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद तिने त्याच वयात मिळवले, आणि त्याच साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही ती उतरली. तोवर 'पुरुषांची' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या स्पर्धेत एकही स्त्री खेळली नव्हती, आणि एका मुलीने तेथे बसणे पुष्कळांना रुचले नाही. हरकती घेण्यात आल्या, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, स्त्रियांना राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत प्रवेश नाकारता येणार नाही. ज्या युवेंना सोळा वर्षांपूर्वी लाइपझिगमध्ये एका भारतीयाने हरवले होते, त्यांच्याच निर्णयाने एका भारतीय मुलीच्या निमित्ताने सर्व जगातील स्त्री-खेळाडूंचा हक्क मान्य व्हावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

या निर्णयाचे मोल यथार्थ कळण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. जेथे शारीरिक बळाचा संबंधच येत नाही, जेथे वजीर आणि उंट यांना पटावर हलवणारा हात पुरुषाचा की स्त्रीचा याने चालीच्या योग्यायोग्यतेत काडीचाही फरक पडत नाही, अशा खेळातही स्त्रीला वेगळ्या दालनात बसवण्याची रीत रूढ होती, आणि ती रीत कोणा एका माणसाच्या दुष्टाव्यातून निघालेली नसून शतकांच्या सवयीतून निघालेली होती. म्हणूनच ती मोडण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. ही पायरी चढणारे कुटुंब वृत्तपत्रव्यवसायातील होते, लढण्याची त्याला सवय होती. पण पटावर प्रत्यक्ष बसून, चोहोबाजूंनी रोखलेल्या नजरा झेलत, घड्याळाकडे लक्ष ठेवून चाल करण्याचे काम त्या तेरा वर्षांच्या मुलीलाच करायचे होते. ते तिने केले. नोव्हेंबर १९८१ मध्ये हैदराबाद येथील आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेत बारापैकी साडेअकरा गुण मिळवून, एकही डाव न गमावता, रोहिणी खाडिलकर विजयी झाली; १९८३ मध्ये क्वालालंपूर येथे तिने ते पद पुन्हा मिळवले. राष्ट्रीय स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत श्रेष्ठ क्षण कोणता, असे कोणी विचारले तर मी विश्वनाथन आनंदचे अजिंक्यपदही बाजूला ठेवून १९७६ चे हे प्रकरण पुढे करीन.

खाडिलकर भगिनींनी मोकळ्या केलेल्या वाटेने मग अनेकजणी आल्या. भाग्यश्री साठे यांनी पाच वेळा, तर मुंबईच्या अनुपमा अभ्यंकर, म्हणजे पुढील काळातील अनुपमा गोखले, यांनीही पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद पटकावले. अनुपमांचे पती रघुनंदन गोखले यांना बुद्धिबळ प्रशिक्षणासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि भाग्यश्री यांचा विवाह प्रवीण ठिपसे यांच्याशी झाला. महाराष्ट्रात हा खेळ घराघरांतून कसा पुढे गेला, याची ही दोन बोलकी उदाहरणे होत. गोव्याच्या भक्ती कुलकर्णीनेही अलीकडच्या काळात हे अजिंक्यपद मिळवले आहे.

पुरुषांच्या, किंबहुना आता खुल्या म्हणवल्या जाणाऱ्या स्पर्धेत ॲरननंतरचे मोठे पर्व प्रवीण ठिपसे यांचे. मुंबईच्या या खेळाडूने १९८२ ते १९९४ या काळात सात वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. याच पर्वाच्या मध्यावर चेन्नईच्या आनंदने १९८६ पासून लागोपाठ तीन वेळा हे पद मिळवले; पहिल्या वेळी तो जेमतेम सोळा वर्षांचा होता, आणि १९८८ मध्ये तो देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. आनंद पुढे जागतिक क्षितिजावर गेल्यावरही ठिपसे येथेच राहिले, राष्ट्रीय स्पर्धेत उतरत राहिले आणि जिंकत राहिले. बंगालचे दिव्येंदू बरुआ १९९१ मध्ये दुसरे आणि ठिपसे १९९७ मध्ये तिसरे भारतीय ग्रँडमास्टर झाले. नवीन शतकाच्या उंबरठ्यावर पुण्याच्या अभिजित कुंटे यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद दोनदा जिंकून २००० साली चौथ्या ग्रँडमास्टरचा मान मिळवला. एका देशाच्या पहिल्या चार ग्रँडमास्टरांपैकी दोघे महाराष्ट्राचे असावेत, ही सांगली-पुणे-मुंबईच्या मंडळांच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीची पावती होय.

स्पर्धेची रचनाही या काळात बदलत गेली. राज्याराज्यांतून निवडून आलेले खेळाडू प्रथम 'राष्ट्रीय ब' स्पर्धेत खेळत, आणि त्यातील अग्रेसर 'राष्ट्रीय अ' स्पर्धेत प्रवेश मिळवत, जेथे प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडे. ही रचना कष्टप्रद होती, दीर्घकाळ चालणारी होती, परंतु तिच्यात एक न्याय होता : अज्ञात गावचा खेळाडू एकदा 'अ' गटात पोहोचला म्हणजे देशातील श्रेष्ठांशी त्याचा डाव निश्चित होई. अलीकडे ती पद्धत मागे पडली असून स्विस पद्धतीची एकच मोठी स्पर्धा होते. आजचे जागतिक दर्जाचे भारतीय खेळाडू परदेशांतील स्पर्धांत गुंतलेले असल्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेत क्वचितच उतरतात, याचे मला दुःख वाटते. त्यांची अडचण मला समजते. तरीही जेथे आनंद आणि ठिपसे यांनी आपली नावे कोरली, त्या पटावर आजच्या अग्रणींनी अधूनमधून बसावे, म्हणजे नाशिकच्या किंवा नांदेडच्या एखाद्या नवख्या खेळाडूला त्यांच्यासमोर आपले बळ अजमावता येईल, असे मला मनापासून वाटते.

आपल्या नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने या परंपरेतील अत्यंत उज्ज्वल नाव विदित गुजराथी याचे. २४ ऑक्टोबर १९९४ रोजी नाशिक येथे जन्मलेल्या विदितने २००८ मध्ये चौदा वर्षांखालील जागतिक अजिंक्यपद जिंकले, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवला, आणि २०१७ मध्ये २७०० गुणांकन ओलांडणारा तो चौथा भारतीय ठरला. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये रशियासह संयुक्त सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता. २०२३ मध्ये ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून त्याने टोरोंटोच्या आव्हानवीरांच्या स्पर्धेत स्थान मिळवले, आणि तेथे हिकारू नाकामुरासारख्या जगद्विख्यात खेळाडूला दोन्ही डावांत हरवले. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला या दोन्ही गटांत सुवर्णपदके जिंकली, तेव्हा खुल्या संघात नाशिकचा विदित होता, महिला संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, आणि महिला संघाचे कर्णधारपद पुण्याच्या अभिजित कुंटे यांच्याकडे होते.

दिव्या देशमुख हिचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा, कारण तिचा मार्ग थेट राष्ट्रीय महिला स्पर्धेतून गेला. तिने २०२२ मध्ये हे अजिंक्यपद मिळवले, आणि २०२५ च्या जुलैमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जॉर्जियातील बातुमी येथे अंतिम सामन्यात कोनेरू हंपीचा पराभव करून तिने महिलांचा विश्वचषक जिंकला; त्याच विजयाने तिला ग्रँडमास्टर किताबही लाभला आणि ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर ठरली. वासंती खाडिलकर यांनी बंगळुरात पहिले महिला अजिंक्यपद मिळवल्यापासून या विजयापर्यंत एक्कावन्न वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतराच्या दोन्ही टोकांना महाराष्ट्राच्या मुली उभ्या आहेत.

आता थोडेसे आपल्या गावाविषयी. देवळा हा तालुका म्हणून अलीकडचा. त्यापूर्वी आपले व्यवहार कळवणच्या कचेरीशी निगडित होते. गिरणेच्या पाण्यावर आणि कांद्याच्या भावावर या मुलुखाचे वर्ष सुखाचे की कष्टाचे हे ठरते, आणि अशा गावात खेळासाठी मैदान, साहित्य, प्रशिक्षक यांची मागणी करणे पालकांना जड वाटते, हे मी जाणतो. परंतु बुद्धिबळाला यांपैकी फारसे काही लागत नाही : पट, सोंगट्या, घड्याळ, एक शांत खोली आणि खेळाच्या नियमांची माहिती असलेला एक चिकाटीचा शिक्षक, इतके पुरेसे आहे. खाडिलकर भगिनींना ही साधने घरात मिळाली, भाग्यश्री साठे यांना ती सांगलीच्या मंडळात मिळाली. आपल्या मुलांना ती शाळांच्या आणि वाचनालयांच्या आश्रयाने मिळू शकतील. नाशिक जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत उत्तीर्ण होणारा खेळाडू राज्य स्पर्धेत जातो, आणि तेथून राष्ट्रीय स्पर्धेचा मार्ग उघडतो. हा क्रम प्रत्येक मुख्याध्यापकाला आणि प्रत्येक पालकाला ठाऊक असला पाहिजे, कारण पुष्कळ गुणी मुले माहितीच्या अभावीच पहिल्या पायरीपूर्वी थांबतात.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांस, आणि विशेषतः तालुक्यातील शिक्षकवर्गास, माझी एवढीच विनंती आहे की, प्रत्येक शाळेने आठवड्यातून एक तास बुद्धिबळासाठी राखून ठेवावा, जिल्हा संघटनेच्या निवड स्पर्धेची तारीख वेळेवर मागवून घ्यावी, आणि पुढील स्पर्धेसाठी नावे पाठवताना त्या यादीत मुलींची नावे मुलांच्या बरोबरीने आहेत की नाहीत, हे स्वतः तपासून मगच ती जिल्ह्याला रवाना करावी.